फ्लॅट घेताना : बँकेचे मूल्यांकन काय सांगते आणि काय सांगत नाही

रीसेलचा फ्लॅट दाखवताना एजंटच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "या बिल्डिंगला सगळ्या बँकांचं लोन होतं, टेन्शनच घेऊ नका." हे वाक्य खोटे नसते, पण ऐकणारा त्यातून जो अर्थ काढतो तो मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. कर्ज मंजूर करण्याआधी बँक दोन अहवाल मागवते. पहिला वकिलाचा असतो आणि त्यात मालकीची साखळी साधारणपणे मागच्या 30 वर्षांपर्यंत तपासलेली असते. दुसरा मूल्यांककाचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट व्हॅल्युअर म्हणतो त्याचा असतो, आणि त्यात या मालमत्तेची बाजारात किती किंमत येईल याचा अंदाज असतो. बाथरूमखालच्या स्लॅबमधून पाणी झिरपते का, कॉलममधील सळया गंजल्या आहेत का, वायरिंग किती जुने आहे, हे प्रश्न या दोन्ही अहवालांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे बँकेने घर पास केले याचा अर्थ एवढाच की आपण हप्ते थकवले तर हे घर विकून तिचे पैसे वसूल होतील, असे बँकेला वाटते.

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी नातेवाइकांशी बोलताना हा फरक चटकन लक्षात येतो. तिकडे खरेदीदार स्वतःच्या खर्चाने इन्स्पेक्टर नेमतो, तो छपरापासून तळघरापर्यंत घर पाहून छायाचित्रांसह अहवाल देतो, आणि त्या अहवालात काही गंभीर निघाले तर सौद्यातून बाहेर पडण्याची किंवा किंमत पुन्हा ठरवण्याची अट बहुतेक करारांत असते. कर्ज देणारी संस्था जे मूल्यांकन करून घेते ते याहून वेगळे, आणि ते तिच्या कामाचे. आपल्याकडे मूल्यांकन रुळले आहे, तपासणीची प्रथा मात्र पडलेली नाही. आयुष्यातील सगळ्यात मोठी खरेदी आपण दोनदा घर पाहून, एकदा घरच्यांना दाखवून आणि एकदा वास्तुशास्त्र जाणणाऱ्याला विचारून उरकतो.

आधी मूल्यांकन समजून घेऊ, कारण पैशांचे गणित तिथूनच सुरू होते.

बँकेच्या यादीवर असलेला मूल्यांकक सहसा स्थापत्य अभियंता असतो आणि संपत्ती कर कायदा, 1957 मधील कलम 34 एबीखाली त्याची नोंदणी झालेली असते. संपत्ती कर सरकारने 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द केला, तरी त्या कायद्याखालची मूल्यांककांची नोंदणी मात्र टिकून राहिली. आपल्या कायद्यांत अशा गमती पुष्कळ सापडतात. हा मूल्यांकक फ्लॅटवर येतो, लेझर टेपने खोल्या मोजतो, आतून-बाहेरून फोटो काढतो, मंजूर नकाशाशी प्रत्यक्ष रचना ताडून पाहतो, चतुःसीमा लिहून घेतो, इमारतीचे वय आणि उरलेले आयुष्य नोंदवतो आणि जाताना वॉचमनकडे किंवा कोपऱ्यावरच्या एजंटकडे चालू भावाची चौकशी करतो. एवढ्या कामाला अर्धा-पाऊण तास पुरतो. विम्याआधी डॉक्टर जशी आपली तपासणी कंपनीसाठी करतो, तशीच ही भेट बँकेसाठी असते. तिचे शुल्क प्रक्रिया शुल्कातून किंवा वेगळे घेतलेले, म्हणजे आपल्याच खिशातले असले तरी अहवाल बँकेच्या फाइलमध्ये जातो आणि आपण मागितल्याखेरीज क्वचितच आपल्याला दिसतो. तो मागावा. प्रत देता येत नाही असे उत्तर मिळाले, तर निदान मोजलेले कार्पेट क्षेत्रफळ, धरलेला दर आणि नोंदवलेले आक्षेप तरी विचारून घ्यावेत.

या अहवालात एकच किंमत असते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तीन-चार असतात. पहिली वाजवी बाजारमूल्याची, म्हणजे घेणारा आणि देणारा दोघेही खुशीचे असतील आणि घाई नसेल तर जी ठरेल ती. तिच्याहून काहीशी कमी असते ती वसूल होण्याजोगी किंमत, आणि सगळ्यात कमी असते ती सक्तीच्या विक्रीची, म्हणजे उद्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊन लिलाव करावा लागला तर हाती येईल ती. शिवाय रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या दराने, येणारे मूल्य आणि विम्यासाठी धरायची बांधकामाची किंमतही अनेक अहवालांत वेगळी दिलेली असते. विम्याच्या आकड्यात जमिनीची किंमत धरत नाहीत, कारण आगीत किंवा भूकंपात जमीन नष्ट होत नाही. त्यामुळे तो आकडा बाजारभावापेक्षा बराच लहान दिसला तर दचकण्याचे कारण नाही.

फ्लॅटचे बाजारमूल्य काढण्याची रूढ पद्धत तुलनेची आहे. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या तशाच इमारतीत अलीकडे झालेले व्यवहार पाहायचे, त्यांतून दर चौरस फुटाचा दर काढायचा आणि मजला, लिफ्ट, वय, पार्किंग, रस्त्याचा दर्जा यांनुसार त्यात थोडी वाढ-घट करायची. अशा व्यवहारांची नोंद सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्या उताऱ्यात असते आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ती कोणालाही शोधता येते. सोसायटीत नुकतेच विकले गेलेले दोन-तीन फ्लॅट शोधून त्यांचा करारातील भाव पाहिला, तर एजंटने सांगितलेल्या भावाकडे पाहण्याची नजर बदलते. त्या उताऱ्यातील भाव रोखीचा भाग वगळून लिहिलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो. स्वतंत्र बंगला किंवा घर असेल तर पद्धत बदलते. तिथे जमिनीची किंमत वेगळी काढतात आणि बांधकाम आज नव्याने करायला जो खर्च येईल त्यातून वयानुसार घसारा वजा करतात. आरसीसी बांधकामाचे आयुष्य सहसा 60 वर्षे आणि अखेरीस उरणारे भंगारमूल्य 10 टक्के धरले जाते, म्हणून 24 वर्षांच्या बांधकामाची किंमत साधारण 36 टक्क्यांनी उतरलेली धरतात. जुन्या घराचा भाव वर्षानुवर्षे चढतच गेला असे आपल्याला वाटते तेव्हा चढलेला असतो तो जमिनीचा भाव. भिंतींची किंमत त्या काळात उतरतच आलेली असते.

आता हा आकडा आपल्या खिशाला कुठे लागतो ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंत आणि 75 लाखांवरच्या कर्जात 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. अगदी स्वस्त घरांचा अपवाद सोडला तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या मूल्यात धरता येत नाही. बँका हे प्रमाण काढताना करारातील किंमत आणि मूल्यांककाची किंमत यांपैकी जी कमी असेल ती धरतात, आणि सगळी मेख इथेच आहे. समजा, पुणे महापालिकेच्या हद्दीतील एक टू बीएचके 85 लाखांना ठरला. खरेदीदाराने 80 टक्क्यांचा हिशेब करून 68 लाख कर्ज, 17 लाख स्वतःचे, शिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 5 लाख 95 हजार आणि नोंदणीचे 30 हजार, असे एकूण 23 लाख 25 हजार जमवून ठेवले. मूल्यांककाने मात्र फ्लॅट 78 लाखांचा ठरवला. कर्ज आता 62 लाख 40 हजारांवर थांबते आणि स्वतःच्या खिशातून लागणारी रक्कम 28 लाख 85 हजारांवर जाते. मधले 5 लाख 60 हजार कुठून आणायचे, हा प्रश्न टोकन देऊन झाल्यावर उभा राहतो. मग दागिन्यांवर कर्ज काढले जाते, नाहीतर चढ्या व्याजाचे वैयक्तिक कर्ज.

मूल्यांकन कमी येण्यामागे दर वेळी मूल्यांककाचा कंजूषपणा असतो असे नाही. बहुतेकदा तफावत क्षेत्रफळात असते. जुन्या करारांत बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले असते आणि विकणारा भाव त्यावरच सांगतो, पण मूल्यांकक प्रत्यक्ष कार्पेट मोजतो. बिल्डर आणि घरखरेदीच्या व्यवहारांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे : बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळून, पण आतल्या विभाजक भिंती धरून, जी वापरायला मिळते ती जागा. "हजार फुटांचा फ्लॅट" या मापाने कधी कधी सातशे फुटांच्या आत येतो. दुसरे कारण मंजूर नकाशाबाहेरचे बांधकाम. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी, गच्चीवर टाकलेली पत्र्याची शेड किंवा तळमजल्यावर मार्जिनच्या, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या, जागेत वाढवलेली खोली यांची किंमत विकणारा पुरेपूर मागतो, मूल्यांकक मात्र शून्य धरतो आणि कधी आक्षेपही नोंदवतो. पार्किंगचेही असेच आहे. स्टिल्टमधील, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या भागातील, पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी काढून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले असले, तरी रीसेलच्या बाजारात "पार्किंगचे वेगळे" मागितले जातात आणि बँक ते बहुधा जमेस धरत नाही. तिसरे कारण वयाचे. कर्ज फिटेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे इमारत उभी राहील, अशी बँकांची अपेक्षा असते. म्हणून चाळिशी गाठलेल्या इमारतीत 20 वर्षांचे कर्ज मागितले तर मुदत कमी होते, नाहीतर नकारच येतो. नवी मुंबईत सिडकोची जमीन 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, तिथे पट्ट्याची किती वर्षे उरली आहेत हेही पाहिले जाते.

कमी आलेल्या मूल्यांकनावर करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या कराव्यात. मोजमाप चुकले असेल तर करारातील नकाशा दाखवून फेरमोजणी मागता येते, ताज्या व्यवहारांचे इंडेक्स टू बँकेला देता येतात, दुसऱ्या बँकेकडे जाता येते आणि मुख्य म्हणजे तोच आकडा विक्रेत्यापुढे ठेवून भाव कमी करण्याची बोलणी करता येतात. याउलट "व्हॅल्युएशन वाढवून आणतो" म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात दूर राहावे. फुगवलेल्या मूल्यांकनाने घराची किंमत वाढत नाही, वाढते ते फक्त आपले कर्ज.

रेडी रेकनरचे मूल्य हा वेगळाच प्राणी आहे आणि त्याची बँकेच्या मूल्यांकनाशी गल्लत करू नये. हे दर राज्य सरकार वार्षिक मूल्य दर तक्त्यांतून जाहीर करते आणि मुद्रांक शुल्क करारातील किंमत व हे मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर आकारले जाते. एखाद्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत खरा बाजारभाव रेकनरपेक्षा खाली असतो, तिथे गंमत होते. करार 60 लाखांचा आणि रेकनरचे मूल्य 70 लाखांचे असेल, तर शुल्क 70 लाखांवर भरावे लागतेच, शिवाय हा फरक 10 टक्क्यांहून अधिक असल्यामुळे प्राप्तिकर कायद्यानुसार तो संपूर्ण 10 लाखांचा फरक खरेदीदाराचे उत्पन्न समजला जाऊ शकतो, आणि विक्रेत्याचा भांडवली नफाही 70 लाख धरून मोजला जातो. असा प्रसंग दिसत असेल तर करार नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, अर्ज करण्याचा मार्ग आहे, आणि त्यासाठी सनदी लेखापालाची फी देणे परवडते.

आता तपासणीकडे वळू. मोठ्या शहरांत घरतपासणीची सेवा देणाऱ्या काही कंपन्या आता निघाल्या आहेत, पण त्या नसल्या तरी अडत नाही. महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक जाणता प्लंबर आणि एक परवानाधारक इलेक्ट्रिशियन यांना दोन तास फ्लॅटवर नेले तरी निम्म्याहून अधिक गोष्टी कळतात. त्यांना द्यावी लागणारी फी हजारांत असते आणि घर लाखांत किंवा कोटीत, त्यामुळे इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

आपल्या हवामानात घराचा पहिला शत्रू पाणी आहे. म्हणून शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये, दोन-तीन दिवस संततधार झाल्यावर पाहावे. एप्रिलमध्ये रंगवलेल्या भिंती काहीच सांगत नाहीत. उलट, सगळे घर जुन्या रंगाचे आणि एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर प्रश्न त्या भिंतीबद्दल विचारावा. छताला पीओपीचे फॉल्स सीलिंग असेल तर वरच्या मजल्याचे बाथरूम नेमके कुठे येते हे समजून घेऊन त्या जागेचे लाइटचे खोबण उघडून टॉर्चने आत पाहावे. वरच्या घरातील नहाणी ट्रॅपच्या भोवती किंवा कमोडच्या जोडाजवळ गळती असेल तर स्लॅबच्या तळाला तपकिरी कडा असलेले डाग, पोपडे किंवा पांढरट क्षार फुललेले दिसतात. आपल्या बाथरूममध्ये ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी तुंबवून ठेवावे आणि काही तासांनी खालच्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन त्याची परवानगी घेऊन त्याचे छत पाहावे; खालचा शेजारी या विषयावर विक्रेत्यापेक्षा अधिक मोकळेपणाने बोलतो. सगळ्यात वरचा मजला असेल तर गच्चीवर चढून कोब्याचा उतार, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि पॅरापेटच्या मुळाशी गेलेल्या भेगा पाहाव्यात. गच्चीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते हे खरे, पण ती होईपर्यंत पाणी आपल्याच डोक्यावर पडते.

भेगा पाहून घाबरायचे की नाही, हे त्या कुठे आणि कशा आहेत त्यावर ठरते. वीटकामाची भिंत आणि कॉलम जिथे भेटतात तिथली केसासारखी उभी भेग दोन साहित्यांच्या कमी-जास्त प्रसरणामुळे पडते आणि ती बहुतेकदा निरुपद्रवी असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली बारीक भेगही सर्रास दिसते. पण बीमच्या तळाशी, सळईच्या रेषेला समांतर धावणारी भेग दिसली तर थांबावे. सळई गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त होते आणि तो दाब काँक्रीटला आतून फोडतो; आधी भेग पडते, मग कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटते आणि शेवटी सळई उघडी पडते. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ तिरपी भेग असेल तर ती इंजिनिअरला दाखवल्याखेरीज पुढे जाऊ नये. लाकडी मुठीने किंवा लहान हातोडीने बीमवर हळूच ठोकत गेले की भरीव जागी टणक आवाज येतो आणि सुटलेल्या जागी पोकळ, बदबदीत; फरशा आणि बाथरूमच्या टाइल्सही अशाच वाजवून पाहतात.

शंका राहिली तर इंजिनिअर यंत्रांनी होणाऱ्या चाचण्या सुचवतो. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगाने जाते ते मोजतात. रूढ निकषानुसार सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा जास्त वेग चांगला आणि तीनपेक्षा कमी असेल तर काँक्रीट शंकास्पद समजतात. मला सगळ्यात बोलकी वाटते ती कार्बोनेशनची चाचणी. चांगले काँक्रीट अत्यंत अल्कधर्मी असते आणि तो गुणधर्मच सळईला गंजू देत नाही. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की तो गुण पृष्ठभागाकडून आत आत नाहीसा होत जातो. कॉलमला छोटेसे छिद्र पाडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारले की निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होते आणि निकामी झालेला थर मूळ करड्या रंगाचाच राहतो. गुलाबी रंग सळईच्या पुष्कळ अलीकडे सुरू झाला तर चिंता नाही. करडा पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर इमारतीचे संरक्षण संपलेले असते, मग बाहेरून कितीही चकचकीत रंग असो. समुद्राकाठच्या मुंबई, अलिबाग, रत्नागिरीत खाऱ्या हवेतील क्लोराइड हेच काम अधिक वेगाने करतात.

या चाचण्या एका फ्लॅटच्या खरेदीदाराला एकट्याने करणे कठीण असते, कारण कॉलम सगळ्या सोसायटीचे असतात. पण अनेकदा त्या आधीच झालेल्या असतात. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचे दर 3 वर्षांनी करायचे असते. मुंबईत 30 वर्षे ओलांडलेल्या इमारतींना महापालिका कायद्यानेही ते बंधनकारक आहे. तो अहवाल विक्रेत्याने, म्हणजे सभासदाने, सोसायटीकडे मागावा आणि आपण तो वाचावा. मुंबई महापालिकेच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत. सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती करायची. सी-2बी म्हणजे रिकामी न करता रचनात्मक दुरुस्ती. आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-2 मधील इमारतीत फ्लॅट घेऊच नये असे नाही, पण दुरुस्तीचा आपल्या वाट्याचा खर्च किती आणि तो विक्रेत्याने भरायचा की आपण, हे करारात लिहिले गेले पाहिजे.

त्याच भेटीत सोसायटीचे मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि वार्षिक सभेचे इतिवृत्त मिळाले तर घरबसल्या निम्मी तपासणी होते. उपविधींनुसार सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती-देखभाल निधी पाऊण टक्का जमवायचा असतो. "आमचा मेंटेनन्स एकदम कमी आहे" असे अभिमानाने सांगणाऱ्या सोसायटीत हा निधी बहुतेकदा जमवलेलाच नसतो आणि पुढे लिफ्ट बदलताना किंवा बाहेरचे प्लास्टर करताना एकरकमी वर्गणी निघते. एप्रिल-मे महिन्यांतील टँकरचे बिल पाहिले की पाण्याची खरी स्थिती कळते. इतिवृत्तात कोणत्या घराच्या गळतीवरून भांडणे चालू आहेत तेही सविस्तर लिहिलेले असते आणि आपण घेत असलेल्या फ्लॅटचा क्रमांक त्यात आहे का, हे पाहण्याजोगे असते.

घराच्या आत झालेले फेरफार वेगळे तपासावेत. हॉल मोठा करण्यासाठी भिंत काढली असेल तर ती नुसती वीटभिंत होती की जुन्या, भारवाही भिंतींच्या बांधकामाचा भाग होती, हे मंजूर नकाशावरून कळते. दुसऱ्या प्रकारात वरच्या घराचा भार त्या भिंतीवर होता. बेडरूमच्या जागी बाथरूम नेले असेल तर त्याच्याखालच्या स्लॅबची पातळी खाली घेतलेली नसते आणि गळती आज ना उद्या ठरलेली. वायरिंगसाठी मुख्य बोर्ड उघडून अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, आहे का ते पाहावे, त्याचे टेस्ट बटण दाबावे आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर येते का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे भोक पुष्कळदा शोभेचे असते.

नव्या इमारतीत चिंता वेगळ्या असतात. बांधकाम चालू असताना बँकेचा माणूस येतो तो कितवा स्लॅब पडला हे पाहून पुढचा हप्ता सोडण्यासाठी. त्याच्या भेटीला दर्जाची तपासणी समजू नये. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर मजले, त्यावरील कर्जाचा बोजा आणि चालू खटले पाहता येतात, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्याच्या वेळी भोगवटा प्रमाणपत्र हाती नसताना "फर्निचरसाठी" म्हणून चावी दिली जाते, ती घेऊ नये. ताबा घेण्यापूर्वी खोली खोली फिरून दोषांची यादी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताब्यापासून 5 वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले रचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष बिल्डरने 30 दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचे असतात. हा हक्क मूळ खरेदीदारापुरता नाही. 5 वर्षे संपण्याआधी तो फ्लॅट रीसेलमध्ये घेणाऱ्यालाही तो मिळतो, म्हणून ताबापत्राची तारीख विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

कोकणात किंवा गोव्यात जुने चिरेबंदी घर घेणाऱ्यांसाठी एवढेच, की जांभा पाणी शोषतो, म्हणून भिंतींच्या पायथ्याशी हातभर उंचीपर्यंत चढलेली ओल आधी पाहावी, आणि वासे-तुळयांवर नुसती नजर न टाकता पेचकस टोचून पाहावा. वाळवीने पोखरलेले लाकूड वरून अखंड दिसते आणि टोचताच आत जाते.

हे सगळे कधी करायचे, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर टोकनच्या पावतीत आहे. विक्रेता म्हणतो आधी विसार द्या, खरेदीदाराला वाटते घर हातचे जाईल, आणि मग तपासणी पैसे अडकल्यावर होते. त्यावर उपाय म्हणजे विसाराची रक्कम लहान ठेवणे आणि पावतीवरच लिहून घेणे : खरेदीदाराच्या अभियंत्याला अमुक तारखेपर्यंत घर पाहू दिले जाईल, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि मंजूर नकाशा दाखवला जाईल, बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा अमुक टक्क्यांनी कमी आले, मालकी हक्कात दोष निघाला किंवा तपासणीत रचनेचा दोष आढळला, तर विसार 15 दिवसांत पूर्ण परत केला जाईल. आपल्याकडच्या छापील पावत्यांत उलट, सौदा मोडल्यास विसार जप्त, एवढीच ओळ असते. तिच्याखाली मोकळी जागा असते. तिथे हाताने लिहून दोघांनी सह्या केल्या तरी चालते. ज्याचे घर ठीक आहे तो विक्रेता थोडी कुरकुर करतो आणि सही करतो. जो काही केल्या इंजिनिअरला घरात घेत नाही, त्याच्या फ्लॅटचा भाव आणखी किती उतरवता येईल याचा हिशेब करत बसू नये. दुसरा फ्लॅट पाहावा.